हनुवटीपर्यंत भरायची पिशवी

आबाजी बरकडे बारामतीत राहायला आले ते एखाद्या संस्थानिकाच्या थाटात. डोक्याला लाल पटका, खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी, मागे बायको सारजाबाई, आणि तिच्या मागे टेम्पोच्या फळीवरून उतरायला अजिबात राजी नसलेली एक मेंढी. टेम्पोवाल्याने मागून ढकलले, सारजाबाईंनी पुढून ओढले, आणि आबाजी मात्र बाजूला उभे राहून कॉलनीकडे असे बघत होते, की जणू ही सगळी घरे आपणच कुणाला तरी इनाम दिली होती आणि आज सहज पाहायला आलो आहोत.

निमगाव केतकीच्या माळावर त्यांची शंभरभर मेंढरे होती. पोरगा मल्हार बारामतीला कंपनीत लागला, त्याने पाटाच्या कडेला नव्या कॉलनीत तीन खोल्या बांधल्या, आणि म्हातारा-म्हातारीला न्यायचा हट्ट धरला. मेंढरे विकावी लागली. बाजारात एकेक मेंढरू दुसऱ्याच्या दावणीला जाताना आबाजींनी डोळ्यांत पाणी येऊ दिले नाही. तेवढ्या वेळात त्यांनी शेजारच्या माणसाशी उगाच भांडण काढले. शेवटची मेंढी मात्र ते विकेनात.

"ही आता कशाला?" मल्हारने विचारले.

"बी म्हनून," आबाजी म्हणाले. "कणगी रिकामी केली तरी बियाण्याला ठेवत्यात का न्हाय? ही ऱ्हायली तर माजी मेंढरं ऱ्हायली. ही गेली, तर मी नुस्ता मल्हारचा बाप."

मेंढीचे नाव गवळण. सारजाबाईंच्या मते नावाचा आणि तिच्या रूपाचा काही संबंध नव्हता. तिचा एक कान फाटलेला आणि नजर कायम उधारी मागायला आलेल्या माणसासारखी. पण आबाजींना ती सुंदर दिसे, आणि त्या एका बाबतीत त्यांना कुणी दुरुस्त करायला जात नसे.

कॉलनीतल्या लोकांना आधी मेंढीचा वास आला, मग राग आला, आणि मग तिचा उपयोग कळला. उपयोग असा, की गवळण भाजीची देठे, वाटाण्याची टरफले, शिळी भाकरी, केळ्याची साले असे सगळे खाई. सकाळी बायका खरकटे आणून द्यायला लागल्या. जे मेंढीला चालत नसे, म्हणजे चहाचा चोथा, लिंबाची फोड, अंड्याची टरफले, ते आबाजी घरामागच्या खड्ड्यात लेंड्यांबरोबर टाकत. खत होईल, वांगी लावू, असा त्यांचा बेत.

सगळे छान चालले होते. पण तेव्हा कॅरीबॅगचे दिवस नुकते आले होते. शहाण्णव साल असेल. त्याआधी बाजारात जाताना माणसे घरून कापडी पिशवी न्यायची. आता हात हलवत जायचे आणि बोटांना पाच पिशव्या लटकवून परत यायचे, याची लोकांना कोण ऐट! आणि एवढ्या पिशव्यांचे करायचे काय? तर त्यांत खरकटे भरायचे. नुसते भरायचे नाही, तोंडाला गाठ मारायची. एक नाही, दोन. जणू आतून बटाट्याची साले पळून जाणार आहेत.

आबाजी एकेक गाठ दाताने सोडत बसायचे. पण एक दिवस ते पाटावर अंघोळीला गेले, आणि तेवढ्यात शेजारच्या छबूबाईंनी कुंपणावरून पिशवी भिरकावली. मेथीचा वास गवळणीने ओळखला. गाठ सोडायची कला तिला अवगत नव्हती. तिने पिशवीसकट जेवण केले.

संध्याकाळपर्यंत तिचे पोट नगाऱ्यासारखे झाले. आबाजींनी तेल पाजले, कूस चोळली, खंडोबाला नवस बोलले, आणि मध्येमध्ये छबूबाईंच्या कुंपणाकडे तोंड करून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. शेवटी मल्हारने ढोरांचे डॉक्टर आणले. डॉक्टरांनी नळी घातली, औषध दिले, आणि बऱ्याच वेळाने गवळणीने डोळे उघडले.

डॉक्टर हात धूत म्हणाले, "आबा, ही गाभण आहे, माहीत आहे ना? आज वाचली. पोटात पुन्हा असा गोळा झाला तर मेंढी पण नाही आणि कोकरू पण नाही."

आबाजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी खड्डा उकरला. दोन महिन्यांत चोथा कुजला होता, टरफले कुजली होती, आणि मध्ये एक निळी कॅरीबॅग नव्या नवरदेवासारखी चकाचक, सुरकुतीसुद्धा न पडता बसून होती.

"सारजे, हिला मातीबी खाईना," आबाजी पिशवी काठीवर धरून म्हणाले, "आन् ही लोकं माज्या मेंढीला खायाला घालत्यात."

"मग लोकास्नी सांगा, पिशवी देऊ नगा म्हनून."

"सांगितलं. त्या छबूबाईला सांगितलं. ती म्हनती, मग काय वटीत घालून आनू का?"

प्रश्न बरोबर होता. खरकटे काही ओटीत आणता येत नाही. आबाजी दिवसभर ओट्यावर बसून राहिले. हातात लोकरीची चाती, बोटे सूत काततायत, नजर पाटावर. मेंढरांमागे चालताचालता सूत कातायची जन्माची सवय. विचार करायचा तर त्यांना हातात चाती लागेच. आणि सूत कातताकातताच त्यांना घोंगडी आठवली. घोंगडीला कडकपणा येतो तो चिंचोक्याच्या खळीने. चिंचोके भिजवायचे, पाट्यावर वाटायचे, शिजवायचे. ती खळ लावली की लोकर अशी ताठ होते की घोंगडी उभी राहील. मग लोकरीऐवजी कागदाला लावली तर? कागद मेंढीने खाल्ला तरी पचेल, खड्ड्यात पडला तरी कुजेल, आणि खळ तर काय, खायचीच वस्तू.

चिंचोके अर्थातच सारजाबाईंनी वाटले.

"कल्पना तुमची, आन् कंबर माजी," त्या वरवंटा ओढत म्हणाल्या. "जलमभर आसंच झालं. मेंढरं तुमची, आन् वाघरीची जाळी उचलायला मी."

"तुला काय कळतंय त्यातलं."

"मला येवडं कळतंय, की ह्या वयात बाकीच्या बाया नातवंडं खेळवत्यात, आन् मी मेंढीच्या जेवनाला पिशव्या करतीया."

मल्हारच्या कंपनीतून रद्दी वर्तमानपत्रे आली. आबाजींनी त्यांच्या पिशव्या बनवल्या. काय पिशव्या होत्या! कडा सरळ, बूड चौकोनी, वर धरायला कातलेल्या काळ्या लोकरीचा बंद. आत ओली साले टाकली तरी दिवसभर बूड धरून राहील. सून मनिषाने घरोघरी वाटल्या. आबाजी पटका बांधून दारात उभे राहिले, पहिल्या प्रयोगाला विंगेत उभ्या असलेल्या नटासारखे.

सकाळी खरकटे आले. निळ्या कॅरीबॅगांतून आले.

आबाजी काठी घेऊन थेट छबूबाईंकडे गेले. "कालची पिशवी कुटं हाय?"

"हाय की आबा!" छबूबाई कौतुकाने आत गेल्या. पिशवी देवघराशेजारच्या खुंटीला टांगली होती. आत उडदाचे पापड.

"आगं, ती खरकट्याला दिली व्हती!"

"खरकट्याला? आबा, तुमी बी कमाल करता! येवडी सुबक पिशवी, वर लोकरीचा गोंडा, आन् तिच्यात बटाट्याची सालं टाकू? लक्षुमी रुसंल माजी."

दुसऱ्या घरी पिशवीत पोराची शाळेची प्रगतिपुस्तके होती. तिसऱ्या घरी कुणाला तरी लग्नाचा आहेर करायला नेली होती. आणि घरी येऊन आबाजी पाहतात तर काय, खुद्द मनिषाने आपल्या पिशवीत हिरव्या बांगड्या ठेवलेल्या.

"आवं मामंजी, चांगली हाय म्हनून ठिवली," ती पदर चावत म्हणाली.

आबाजींनी कपाळाला हात लावला. खराब केली तर फाटेल, चांगली केली तर कुणी वापरेना. त्यांनी बंद काढून टाकला, तरी बायका पिशव्या ठेवतच. कडा वाकड्या केल्या, तर छबूबाई म्हणाल्या, "आबांचा हात थकला वाटतं," आणि दयेपोटी जपून ठेवली. इकडे गवळणीचे पोट वाढत होते, आणि आबाजी अंघोळीलासुद्धा तिला दिसेल इतक्याच लांब जात होते.

मग वर्तमानपत्रे संपली. कागद शोधताशोधता आबाजी विजयसिंहरावांच्या बंगल्यावर गेले.

विजयसिंहराव म्हणजे कॉलनीच्या तोंडाशी बंगला असलेले उसाचे मोठे बागायतदार. त्या साली ते नगरपालिकेच्या निवडणुकीला अपक्ष उभे राहिले होते. चिन्ह कपबशी. भाषणे जोरदार, जीप जोरदार, आणि कॉलनीला शब्द दिलेला, की निवडून आलो न आलो, दारात नळ आणणार. निवडून आले नाहीत. नळही आला नाही. निकालाच्या दिवसापासून ते काळा चष्मा घालून फिरत आणि कुणी कपबशीतून चहा दिला तरी त्यांना टोमणा वाटे.

ते घरी नव्हते. त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई होत्या.

"रद्दी? आहे की, आबा. एक खोली भरून आहे," त्या म्हणाल्या आणि कुलूप काढले.

आत पोस्टरांचे गठ्ठे होते. जाड, गुळगुळीत कागद. प्रत्येकावर विजयसिंहराव, पांढरा फेटा, जोडलेले हात, आणि बत्तीस दात दिसतील असे हसू. खाली मोठ्या अक्षरांत: आपला माणूस, आपल्या दारात.

"वैनीसाब, हे नेऊ? मालक रागावतील."

"मालकांनी ह्या खोलीकडं बघणंच सोडलंय. मला मात्र गहू ठेवायला जागा हवी. घेऊन जा, सगळे घेऊन जा. माणूस दारात गेला नाही तो नाही, कागद तरी कामाला येऊ देत."

आबाजींना वाचता येत नव्हते, आणि त्यांच्या मनात पाप नव्हते, हे इथे शपथेवर सांगायला हवे. कागदाची घडी मजबुतीसाठी जिथे पडायला हवी तिथे पडली. तशी ती पडली आणि विजयसिंहरावांचा चेहरा, फेट्यासकट, पिशवीच्या बरोबर दर्शनी बाजूला आला. पिशवीचे तोंड बरोबर फेट्याच्या मधोमध.

छबूबाईंनी पिशवी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. आबाजी श्वास रोखून बघत होते; आता हिच्यात पापड जातात की कुरडया?

छबूबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज चढले.

"ह्यात खरकटं टाकायचं?"

"व्हय."

"ह्यात टाकीन की! ह्यात रोज टाकीन. आबा, ह्यात मी सासूचं बी आनून टाकीन. नळ देनार व्हता न्हवं दारात? आता बस म्हनावं दारात!"

त्या सकाळपासून कॉलनीत एकही कॅरीबॅग खरकट्याला राहिली नाही. ज्या बायका काल सुबक पिशवीला हात लावू देत नव्हत्या, त्या आज दोन-दोन मागायला लागल्या. पुरुषमाणसे, ज्यांनी जन्मात घरातला कचरा उचलला नव्हता, ती दाढीचे पाणीसुद्धा स्वतः नेऊन ओतायला लागली. दर दाराशी एक विजयसिंहराव हात जोडून बसलेले, आणि डोक्यातून कोबीचा पाला बाहेर आलेला. गवळण पिशवीसकट खाई आणि तृप्त होऊन ढेकर देई. उरलेले खड्ड्यात जाई; पावसाच्या सरीबरोबर फेटा विरघळे, मग मिशा, आणि दात मात्र शेवटपर्यंत टिकत, असे सारजाबाईंचे म्हणणे.

गोष्ट किती दिवस लपणार? माघात कॉलनीत एका घरी बारसे होते, आणि विजयसिंहरावांना आमंत्रण गेले. निकालापासून त्यांनी कॉलनीच्या आत पाऊल टाकले नव्हते. परीटघडीचे पांढरे कपडे, काळा चष्मा, बुलेट मोटारसायकल. कॉलनीच्या तोंडाशी वळले, आणि पहिल्याच दाराशी त्यांना आपले स्वतःचे दर्शन झाले.

त्यांनी गाडी थांबवली. पुढच्या दारातही तेच. त्याच्या पुढच्याही. रांगेने, शिस्तीत, प्रत्येक उंबऱ्याशी आपला माणूस.

 निवडणुकीत पडल्यापासून विजयसिंहरावांना वाटत होते, की लोक आपल्याला विसरले. आणि इथे ही साधी माणसे, निवडणूक होऊन इतके दिवस झाले तरी, दारादारात आपली तसबीर ठेवून आहेत! त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले. गाडीवरून उतरून त्यांनी छबूबाईंच्या दारातल्या स्वतःला हात जोडून नमस्कार केला, आणि भारावून, जरा खाली वाकले.

वाकल्यावर वास आला.

मग त्यांना दिसले, की आपल्या फेट्यातून वाटाण्याची टरफलं डोकावतायत, आणि एका डोळ्यावरून चहाचा चोथा ओघळतोय. पलीकडच्या दारातल्या विजयसिंहरावांच्या तोंडाशी केळ्याचे साल जिभेसारखे लोंबत होते.

"कुणी?" ते ओरडले. "कुणी केलं हे?"

कॉलनी एकदम बहिरी झाली. फक्त बारशाच्या घरातले एक कार्टे खिदळले. छबूबाईंनी अत्यंत अदबीने, पदर डोक्यावर घेऊन, आबाजींच्या घराकडे बोट केले.

विजयसिंहराव मागच्या अंगणात शिरले ते तोफेसारखे. "आबाऽ! कुठं आहे तो म्हातारा? ती मेंढी आजच्या आज कॉलनीबाहेर गेली पाहिजे! पोलिसात देतो एकेकाला! माझ्या तोंडात तुम्ही—"

"बोंब मागनं मारा," आबाजी वर न बघता म्हणाले. "आदी हिचं डोस्कं धरा."

गवळण आडवी पडली होती. सकाळपासून वेणा चालू होत्या, आणि कोकराचा एकच पाय बाहेर आला होता. दुसरा आत दुमडलेला. मल्हार कंपनीत, मनिषा डॉक्टरांना बोलवायला गेलेली, आणि सारजाबाई एकट्या मेंढीला धरू बघत होत्या, पण ती लाथा झाडत होती. आबाजींचा पटका सुटून गळ्यात आला होता. आयुष्यात शेकडो कोकरे त्यांनी काढली असतील. पण तेव्हा मागे आणखी शंभर मेंढरे उभी असत. आज मागे कुणी नव्हते.

"मी सांगतोय काय, तुम्ही—"

"आवं, धरा की!" सारजाबाई ओरडल्या. "बागायतदार हाय न्हवं तुमी? का नुस्तं पोस्टरातच हात जोडता?"

विजयसिंहरावांनी इकडेतिकडे पाहिले. मग परीटघडीच्या धोतरासकट ते मातीत गुडघ्यांवर बसले आणि गवळणीचे डोके मांडीवर घट्ट धरले. लहानपणी आजोबांच्या गोठ्यात धरायचे तसे. पकड त्यांची चांगली होती. ते कुणी पोस्टरवर छापले नव्हते एवढेच. आबाजींनी हाताला तेल लावले, डोळे मिटले, आत दुमडलेला पाय बोटांनी शोधला आणि अलगद सरळ केला.

"आता… आता… आई माजी, जरा जोर लाव…"

कोकरू बाहेर आले. ओले, काळे, आणि निपचित. आबाजींनी त्याचे नाक पुसले, मागचे पाय धरून त्याला उलटे केले, हलवले. काही नाही. पुन्हा हलवले. सारजाबाईंनी तोंडावर पदर घेतला. विजयसिंहराव गवळणीचे डोके सोडून कोकरावर वाकले.

मग कोकरू शिंकले. ती शिंक नेमकी विजयसिंहरावांच्या चेहऱ्यावर पडली. अस्सल चेहऱ्यावर.

"जगलं!" तेच पहिल्यांदा ओरडले. "आबा, जगलं!"

आबाजी मातीत बसून हसत होते की रडत होते, ते पटक्याच्या शेवाने झाकले गेले.

चहा झाला. कपबशीतून दिला, पण विजयसिंहरावांनी टोमणा मानला नाही. आबाजींनी त्यांना सगळे सांगितले: निळी पिशवी, फुगलेले पोट, पापड, बांगड्या, सगळे. विजयसिंहरावांनी ऐकून घेतले. कोकरू त्यांच्या मांडीशी लुडबुडत होते; माणसाला रागावणे त्यामुळे अवघड जाते.

"पोलिसात देत नाही," ते शेवटी म्हणाले. "पण माझं तोंड आत करा. छापील बाजू आत, कोरी बाहेर. एवढी तरी अब्रू ठेवा."

"व्हय सरकार. आत करतो."

आबाजींनी शब्द पाळला. पोस्टरांची उलटी घडी घातली. कोऱ्या, पांढऱ्याशुभ्र, बगळ्यासारख्या पिशव्या झाल्या. आणि चार दिवसांत छबूबाईंच्या खुंटीला एक पिशवी लटकली, आत शेवया. पाचव्या दिवशी कुंपणावरून धप्पकन काहीतरी पडले. निळे. दोन गाठी मारलेले. गवळण उठून उभी राहिली, तिच्यामागे कोकरू, आणि आबाजींनी या वयात जी उडी मारली ती पाहून मल्हार आठवडाभर बापाशी आदराने बोलत होता.

त्याच पावली आबाजी बंगल्यावर गेले. पटका नीट बांधलेला, निळी पिशवी काठीवर. विजयसिंहराव झोपाळ्यावर बसले होते, राजलक्ष्मीबाई गहू निवडत होत्या.

"सरकार, तुमचं तोंड भाईर काडावं लागतंय."

"का?"

"कोऱ्या पिशवीत कुनी खरकटं टाकंना. तुमी भाईर असला, की टाकत्यात."

राजलक्ष्मीबाईंनी सूप खाली ठेवले, तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरले नाही. हसताहसताच त्या म्हणाल्या, "अहो, घराघरात जायला तुम्हाला निवडणुकीत जीप लागली, कार्यकर्ते लागले, रोज वडापाव लागले. आता फुकट जाताय, दोन्ही वेळेला! आणि लोक रोज तोंड बघतायत."

विजयसिंहरावांनी पायाने झोपाळा थांबवला. मग त्यांनी विचारले, "कोकरू कसं आहे?"

"उड्या मारतंय."

"त्याच्या पोटात गेली असती का ती पिशवी?"

"आदी आईच्या गेली आसती. मंग दूध आटलं आसतं. मंग त्येच्या जायाची गरजच ऱ्हायली नसती."

"बरं. काढा बाहेर," विजयसिंहराव म्हणाले. "पण एक अट. तोंडातनं साल लोंबता कामा नये. मी हनुवटीपर्यंतच भरणार. त्याच्या वर एक देठ दिसलं, तर मी पोस्टरं परत घेणार."

आबाजींनी घडी बदलली. पिशवीचे तोंड वर नेऊन फेट्याच्या तुऱ्याशी आणले, म्हणजे चेहरा फेट्यासकट पुरा दिसेल, आणि घरोघरी जाऊन काठी आपटून हुकूम सांगितला: "हनवटीपतुर भरायचं. त्येच्या वर भराल तर मेंढी घेनार न्हाय." कॉलनीने मानले. पुढे कॉलनीत ते मापच झाले. कुणाकडे पाहुणे जास्त आले, की बायका एकमेकींना विचारायच्या, "तुमचा किती भरला? आमचा मिशांपर्यंत आला बाई."

त्या खड्ड्याच्या खतावर वांगी अशी लागली, की सारजाबाई पहिली टोपली घेऊन बंगल्यावर गेल्या. काळ्या कोकराला कॉलनीने नाव ठेवले विजय. आबाजींनी ते कधी तोंडाने उच्चारले नाही. पण ते पुढे धावले, की हात जोडून थांबवत.

नव्वदचे दशक संपता संपता आबाजींच्या मागे पाटाच्या कडेने पुन्हा एक छोटा कळप चालायला लागला. गवळण म्हातारी होऊन सर्वांत मागे, विजय सर्वांत पुढे, आणि मध्ये आबाजी, घोंगडी खांद्यावर, हातात चाती, चालताचालता सूत काततायत. कुणी विचारले, की ह्यो कळप कुनाचा, तर म्हातारा थांबे, काठी रोवे, आणि सावकाश म्हणे, "आबाजी बरकड्याचा." मल्हारचा बाप असे त्यांनी पुन्हा कुणाला सांगितले नाही.

पुढच्या निवडणुकीला विजयसिंहराव पुन्हा उभे राहिले. छापखान्यात पोस्टरांचा आकडा ऐकून मालक चक्रावला. "साहेब, एवढी? सगळ्या वॉर्डाच्या भिंती दोनदा भरतील."

विजयसिंहरावांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला.

"भिंतींना थोडीच," ते म्हणाले. "बाकीची आबांकडे पाठवा. आणि फोटो जरा वर घ्या. हनुवटीखाली जागा जास्त पाहिजे."